गेम खेळून समुद्राखालचा रोबो चालवता येतो का?

प्रश्न: दादा नमस्कार. मी मालवणजवळ राहतो, वय १९, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचवीपासून गेम खेळतोय, आधी फोनवर, आता जुन्या पीसीवर, कंट्रोलर पण घेतलाय. मध्यंतरी एक रील बघितलं, त्यात एक जण समुद्राखालचा रोबो गेमच्याच कंट्रोलरने चालवत होता आणि खाली लिहिलेलं की गेमर्सना या लाइनमध्ये लाखात पगार मिळतो. त्याच अकाउंटवाल्यांचा कोर्स आहे, फी साडेतीन लाख, म्हणतात डिप्लोमा नसला तरी चालेल, पायलट बनवतो आणि जॉब पण लावून देतो. बाबांची मच्छीमारीची बोट आहे, ते म्हणतात गेम खेळून कोणाचं पोट भरलंय. तर माझा प्रश्न असा की गेम खेळून बसलेला हात तिथे खरंच उपयोगी पडतो का, आणि डिप्लोमा सोडून हा कोर्स करू का?

उत्तर:

मित्रा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. डिप्लोमा सोडू नकोस. अजिबात नको. या लाइनसाठी आत्ता तुझ्याकडे जी सगळ्यात कामाची गोष्ट आहे ती तुझं इलेक्ट्रिकल आहे, कंट्रोलर नाही, आणि जो माणूस तुला सांगतोय की डिप्लोमा नसला तरी चालेल त्याला एकतर हे काम माहीत नाही किंवा त्याचं सगळं लक्ष तुझ्या फीवर आहे.

आता पहिला प्रश्न. हात उपयोगी पडतो का, तर हो, पडतो, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत. मी काही वर्षं ऑफशोअरला, म्हणजे भर समुद्रातल्या तेल-गॅसच्या कामांवर, आरओव्ही म्हणजे केबलने जोडलेला पाण्याखालचा रोबो चालवायचं काम केलंय, आमच्याकडे नवीन ट्रेनी पोरं यायची आणि त्यातलं गेमवालं पोरगं कुठलं हे पहिल्या शिफ्टलाच कळायचं. कसं, तर त्याची नजर खाली हाताकडे जायचीच नाही. बाकीचे जॉयस्टिक बघायचे, मग स्क्रीन, परत जॉयस्टिक, आणि तेवढ्यात यंत्र दोन मीटर बाजूला गेलेलं असायचं.

काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण रीलमध्ये तीस सेकंदात ते दिसत नाही. जहाजाच्या डेकवर एक कंटेनर असतो, त्याला आम्ही व्हॅन म्हणायचो, आत एसी फुल्ल, समोर भिंतभर स्क्रीन, दोन खुर्च्या, एकीत पायलट आणि एकीत को-पायलट, आणि खाली काही शे मीटरवर तीन-चार टनांचं यंत्र, ज्याच्याशी तुझा संबंध फक्त एका केबलचा. त्याच केबलमधून वीज खाली जाते आणि चित्र वर येतं. एका स्क्रीनवर मेन कॅमेरा, दुसऱ्यावर मागचा, तिसऱ्यावर सोनार, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते दाखवणारं यंत्र, कोपऱ्यात हेडिंग म्हणजे तोंडाची दिशा, खोली, तळापासूनची उंची असे आकडे, आणि कानात हेडसेटवर सुपरवायझर, ब्रिजवरून जहाज चालवणारा माणूस, वर कंपनीचा क्लायंट पण काहीतरी बोलत असतो. हे सगळं एकदम डोक्यात ठेवायचं. आता तूच सांग, हे तुला अगदीच नवीन आहे का? कोपऱ्यातला मॅप, हेल्थबार, टीममेटचा आवाज आणि समोरचा खेळ हे तू वर्षानुवर्षं एकत्र बघतोयस. सपाट स्क्रीनवर बघून डोक्यात लांबी-रुंदी-खोलीची जागा उभी करणं, मागचा कॅमेरा लावला तरी आपण कुठल्या दिशेला तोंड करून आहोत ते न विसरणं, हेडसेटवर दोन शब्दांत नेमकं बोलणं, या गोष्टी गेमवाल्याला लवकर जमतात. फक्त गेमही सगळे सारखे नाहीत, बीजीएमआयसारखे फोनवरचे बंदुकीचे गेम खेळणाऱ्यांना राग येईल पण त्यातनं कामाला येतं ते मुख्यतः टीममध्ये बोलायची सवय. फ्लाइट सिम्युलेटर, ड्रोन रेसिंग, स्पेसशिप डॉक करायचे गेम, जिथे वेग घेतला की तो लगेच थांबत नाही आणि सगळ्या दिशांना हलता येतं, तिथला हात खरा जवळचा.

यावर अभ्यासही झालाय, थेट आरओव्हीवर नाही पण जवळच्या कामावर. २००७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, ३३ सर्जनचा, दुर्बिणीतून म्हणजे स्क्रीनकडे बघत करायच्या सर्जरीच्या सरावाचा. ज्यांनी कधीकाळी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळलेले त्यांच्या चुका ३७ टक्के कमी आणि वेग २७ टक्के जास्त निघाला. हा आकडा तुला आता प्रत्येक कोर्सवाला फेकून मारणार. पण ३३ म्हणजे किती कमी माणसं, आणि गेममुळे हात चांगला झाला की ज्यांचा हात मुळात चांगला तेच गेमकडे वळले, हे त्यातनं कळत नाही. पुढे २०१८ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात निघालं की गेमच्या सरावाने एकूण बुद्धी-बिद्धी काही वाढत नाही. मला स्वतःला हे पटतं. स्क्रीन बघून जॉयस्टिक हलवणं हे एकातनं दुसऱ्यात जातं कारण दोन्हीकडे तेच करायचं असतं, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नये.

आणि गेम नसले तरी लोकांनी ही कामं केलीच की. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेस गावाजवळ अमेरिकेचा एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडलेला, साधारण ८७० मीटर खोल, तो काढायला कर्व्ह नावाचं केबलवालं यंत्र खाली पाठवलं. १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ पडलं, ३२९ माणसं गेली, त्याचे दोन्ही रेकॉर्डर जुलैमध्ये साधारण दोन हजार मीटरवरून स्कॅरब नावाच्या यंत्राने वर आणले, जे खरंतर समुद्रातल्या टेलिफोन केबलच्या दुरुस्तीसाठी बनवलेलं. तेव्हा प्लेस्टेशन यायला अजून नऊ वर्षं बाकी होती. ती माणसं केबलवाली, नेव्हीवाली, मेकॅनिक अशी होती.

त्या स्पेनच्या गोष्टीत अजून एक गंमत आहे, कर्व्ह बॉम्बच्या पॅराशूटमध्ये स्वतःच अडकलं, शेवटी बॉम्ब आणि यंत्र दोन्ही एकत्रच वर ओढून घेतलं. म्हणजे नशीब चांगलं. एरवी अडकणं हे आरओव्ही पायलटचं सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि कुठल्याही गेमने तुला याची सवय लावलेली नाही, कारण गेममधल्या तुझ्या माणसाच्या पाठीला दोरी नसते. इथे असते. दावणीची म्हैस एकाच बाजूने खुंट्याभोवती फिरत राहिली की दावं कसं आखडत जातं, तसं होतं. तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या पायांमधून तू ज्या वाटेने आत गेलास त्याच वाटेने बाहेर यायचं, उजवीकडून दोन फेऱ्या मारल्या तर डावीकडून दोन मारून वेढे सोडवायचे, म्हणून स्क्रीनवर त्या वेढ्यांचा आकडा सारखा दिसत असतो. गेमवाली पोरं सुरुवातीला हा आकडा बघायचीच नाहीत, बाकी सगळं बघायची.

दुसरं म्हणजे वजन. तीन टनांचं यंत्र पाण्यात तरंगत असलं तरी ते तीन टनच असतं, तू स्टिक सोडलीस म्हणून ते थांबत नाही, आणि वर करंट म्हणजे पाण्याचा प्रवाह त्याला ढकलत असतो. लिव्हर किती दाबायचा यापेक्षा कधी सोडायचा हे शिकायला वेळ लागतो. तिसरं गाळ. तळाजवळ थ्रस्टर म्हणजे यंत्राला ढकलणारा पंखा जरा जोरात फिरवला की असा गाळ उठतो की स्क्रीन भुरकट, पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही, आणि इथे गेमरचा हात उलटा नडतो. गेममध्ये काही दिसेनासं झालं की आपण काहीतरी करतो, हलतो, फिरतो, बटणं दाबतो. इथे करायचं असतं ते म्हणजे हात मांडीवर ठेवून बसायचं. करंट गाळ घेऊन जाईल, मग दिसेल, तोवर सोनार बघ आणि गप्प रहा. एक हुशार पोरगं आठवतंय, हात इतका छान की सुपरवायझर पण बघत बसायचा, पण त्याला वाट बघायला जमायचंच नाही, पाच मिनिटं झाली की काहीतरी हलवायचाच आणि परत ढग. शेवटी सुपरवायझरने त्याला सांगितलं की गाळ उठला की जॉयस्टिक को-पायलटकडे द्यायची आणि स्वतः चहा आणायला जायचं. हसू नकोस, उपयोग झाला.

आणि काम बरंचसं कंटाळवाणं असतं हे कोणी सांगत नाही. बारा तासांची शिफ्ट, त्यात पाइपलाइनवरून तासन् तास एकाच वेगाने जायचं आणि कुठे पाइपखालची वाळू वाहून गेलीय, कुठे जाळं अडकलंय ते नोंदवायचं. किंवा एक व्हॉल्व्ह फिरवायचा असतो, त्याच्या खाचेत यंत्राच्या हाताने टूल बसवायचं, एक इंच इकडे की तिकडे, अर्धा तास त्यातच जातो. मेलो तर परत सुरू करू असं नसतं, खाली काही तोडलंस तर त्याची किंमत तुझ्या आख्ख्या करिअरपेक्षा जास्त असू शकते. नॉर्वेत आता काही आरओव्ही किनाऱ्यावरच्या ऑफिसातून पण चालवतात, तिथे मात्र तुझ्यासारख्यांना एक गोष्ट पटकन कळेल, कमांड दिल्यावर चित्र उशिरा आलं तर काय करायचं, हाय पिंगवर खेळलेल्या माणसाला ते वेगळं समजवायला लागत नाही.

कंट्रोलरबद्दल पण एक सांगतो कारण रीलमध्ये त्याचंच कौतुक असतं. २०२३ मध्ये टायटॅनिक बघायला गेलेली टायटन नावाची पाणबुडी फुटली, तिच्यात गेमचा कंट्रोलर होता म्हणून लोकांनी खूप टिंगल केली. पण पाणबुडी कंट्रोलरमुळे नाही फुटली, तिचा सांगाडा दाब घेऊ शकला नाही. अमेरिकन नेव्हीच्या २०१८ मध्ये दाखल झालेल्या कोलोरॅडो पाणबुडीत पेरिस्कोपच्या जागी जो कॅमेऱ्याचा खांब असतो तो एक्सबॉक्सच्या कंट्रोलरने फिरवतात, कारण नवीन पोरांना तो शिकवावा लागत नाही. छोटे आरओव्ही तर सर्रास गेमपॅडवर चालतात. मोठ्यांना वेगळे जॉयस्टिक, आणि त्यांच्या यांत्रिक हाताला एक छोटा नमुना-हात असतो, तो तू जसा हलवशील तसा खालचा हलतो. हे सगळं आठवड्या-दोन आठवड्यात हातात बसतं. त्यामुळे हातात गेमपॅड आहे म्हणून काम गेमसारखं, असा अर्थ काढू नकोस.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी डिप्लोमा डिप्लोमा करतोय. या पोस्टचं नावच बऱ्याच ठिकाणी पायलट टेक्निशियन असतं, आणि त्यातला टेक्निशियन मोठा असतो. यंत्र पाण्यात असतं तेव्हा तू पायलट, ते डेकवर आलं की तू वायरमन, फिटर, हायड्रॉलिकवाला, सगळं. खाऱ्या पाण्यात कनेक्टरमध्ये एक थेंब गेला की अर्थ फॉल्ट, तो कुठल्या लाइनवर आहे ते मल्टीमीटर आणि मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर घेऊन शोधायचं, रात्री तीन वाजता, डेक हलत असताना, आणि वर क्लायंट विचारतोय किती वेळ. केबलचं टोक खराब झालं की कापून नवीन टोक करायचं, आत फायबर असतं, ते स्प्लाइस करायचं म्हणजे जोडायचं. तेल बदल, सील बदल, थ्रस्टर खोल. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एक वातावरणाने वाढतो, म्हणजे दोन हजार मीटरवर २०० पट, तिथे सगळ्या डब्यांमध्ये एकतर तेल भरून दाब सारखा ठेवायचा किंवा डबाच तेवढा जाड करायचा. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं रिलायन्स-बीपीचं आर क्लस्टर नावाचं गॅसचं फील्ड २०२० च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, ते दोन हजार मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात आहे, तिथे डायव्हर जाऊच शकत नाही, जे करायचं ते आरओव्हीनेच. मुंबई हायला पाणी ऐंशी मीटरच्या आसपास, तिथे डायव्हर पण असतात आणि आरओव्ही पण, आणि पावसाळ्यात बरीच कामं बंद. अशा ठिकाणी चार माणसांच्या टीममध्ये कंपनी असा माणूस का ठेवेल ज्याला फक्त जॉयस्टिक येते?

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००४ मध्ये तिथे मेट नावाच्या विद्यार्थ्यांच्या आरओव्ही स्पर्धेत ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या एका सरकारी हायस्कूलच्या पोरांनी एमआयटीच्या टीमला हरवलं. पोरं बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या गरीब घरांतली, रोबो पीव्हीसी पाइपचा, नाव ठेवलेलं स्टिंकी कारण गोंदाचा वास यायचा. ऐनवेळी इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यात पाणी झिरपायला लागलं तर त्यांनी दुकानातून टॅम्पॉन आणून आत कोंबले, पाणी शोषलं गेलं आणि रोबो चालला. फीनिक्स वाळवंटात आहे बघ, तुझ्या तर घरासमोर समुद्र आहे.

तर तू काय कर. डिप्लोमा पूर्ण कर आणि त्यात मोटर कंट्रोल, इलेक्ट्रॉनिक्स, जमलं तर हायड्रॉलिक्स नीट शिक, प्रॅक्टिकलला मागच्या बेंचवर बसू नकोस. पीसीवर आर्डुसब नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बरेच छोटे आरओव्ही त्यावर चालतात, त्याचं सिम्युलेशन लावून तुझाच गेमपॅड जोडता येतो, यूट्यूबवर बघून लाव. जमलं तर दोन-तीन मित्र मिळून पाइपचा छोटा रोबो बनवा, साधा कॅमेरा आणि बोटीतलं पाणी उपसायच्या बिल्ज पंपाच्या मोटरी, बारा व्होल्टची बॅटरी. बुडेल, गळेल, जळेल, आणि त्यातनं जे शिकशील ते इंटरव्ह्यूला सांगता येईल. अशा रोबोचा फोटो दाखवणारा पोरगा आणि सर्टिफिकेट दाखवणारा पोरगा यात मी तरी पहिल्याला घेईन. चेन्नईला एनआयओटी म्हणजे राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आहे, त्यांनी सहा हजार मीटर क्षमतेचा रोसब नावाचा आरओव्ही वापरलाय आणि ते विद्यार्थ्यांसाठी पाण्याखालच्या रोबोंची स्पर्धा पण घेतात. गोव्यात दोनापावलाला एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, त्यांनी माया नावाचा बिनकेबलचा रोबो बनवलाय. कोचीची आयरोव्ह, चेन्नईची प्लॅनिस अशा कंपन्या धरणं, बंदरं, पूल यांची पाण्याखालची तपासणी छोट्या आरओव्हीने करतात, डिप्लोमानंतर सुरुवात अशा ठिकाणी झाली तर उत्तम, तिथे एकाच माणसाला चालवायला आणि दुरुस्त करायला दोन्ही मिळतं. थेट मोठ्या जहाजावर जायचा हट्ट नको.

कोर्सचं म्हणशील तर सगळे कोर्स फसवे असतात असं नाही, काही ठिकाणी खरं यंत्र खोलायला मिळतं. पण साडेतीन लाख देण्याआधी त्यांना जाऊन विचार, फोनवर नाही, प्रत्यक्ष जाऊन, की तुमच्याकडे चालू स्थितीतला आरओव्ही कुठला आहे आणि मला तो पाण्यात किती तास चालवायला आणि डेकवर किती तास खोलायला मिळेल, मागच्या बॅचची पोरं आज कुठल्या जहाजावर आहेत त्यातल्या दोघांशी बोलायला द्या. नुसता सिम्युलेटर दाखवला तर उठून ये, सिम्युलेटर तुझ्या घरी फुकट आहे. आणि जॉब लावून देतो हे वाक्य ऐकलं की सावध हो. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदवलेला असतो, तिथे नाव बघ, आणि त्याला सर्व्हिस फी म्हणून तीस हजार अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायची परवानगी नाही. ऑफशोअरला जायला अजून लागतं ते म्हणजे मेडिकल आणि समुद्रात जीव वाचवायचं ट्रेनिंग, त्यात हेलिकॉप्टरचा डबा पाण्यात उलटा करतात आणि तुला बेल्ट सोडून बाहेर यायचं असतं. गोव्यात बेतूलला ओएनजीसीचं असं सेंटर २०२४ मध्ये सुरू झालंय. पण यावर आत्ता पैसे घालू नकोस, सर्टिफिकेटची मुदत संपते, नोकरी दिसत असेल तेव्हाच कर.

बाबांचं पण थोडं ऐक, पोट भरण्याबद्दल ते म्हणतायत त्यात तथ्य आहे. हे काम बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टवर, दिवसाच्या रेटने असतं आणि तेलाच्या भावावर नाचतं. २०१४ च्या मध्यात तेल शंभर डॉलरच्या वर होतं, २०१६ च्या जानेवारीत तीसच्याही खाली गेलं, जगभर जहाजं उभी राहिली आणि चांगले चांगले पायलट घरी बसले. त्यातले इलेक्ट्रिकलवाले दुसरीकडे लागले, नुसते हातवाले जास्त दिवस बसले. रील वगैरे त्यांना दाखवू नकोस, त्याने उलट भडकतील. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर बोटीवर जा आणि करंट कसा ओळखतात, फिशफाइंडरवर तळ दगडी की चिखलाचा हे कसं वाचतात, ते शिकून घे. आरओव्हीचा सोनार वेगळा असतो पण आवाज जाऊन परत येतो हे तत्त्व तेच. आणि त्यांना सांग की या यंत्राला पाठीमागे केबल असते आणि ती खाली खडकात अडकू द्यायची नसते, हेच मुख्य काम. ज्या माणसाने आयुष्यभर जाळी सोडवलीत त्याला याच्यापुढे समजवायला लागणार नाही, उलट तोच तुला चार गोष्टी सांगेल.

कोर्सवाल्यांकडे जाऊन आलास की त्यांनी काय उत्तरं दिली ते कळव, फीची पावती फाडायच्या आधी.